वृत्तपत्रांतील जातिनिहाय प्रतिनिधित्व

वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागात निरनिराळ्या जातिसमूहांतील पत्रकारांना मिळणारे स्थान म्हणजे वृत्तपत्रांतील जातिनिहाय प्रतिनिधित्व होय. अमेरिकेत हा प्रश्न वंशाच्या, तर भारतात मुख्यतः जातीच्या संदर्भात मांडला जातो. कोणती घटना बातमी मानायची आणि कोणती वगळायची, हे संपादकीय विभागात ठरत असल्याने तो केवळ नोकरीपुरता मर्यादित नाही.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

प्रारंभीची मराठी वृत्तपत्रे बहुतांशी ब्राह्मण सुशिक्षितांच्या हाती होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' १९०८ मध्ये निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी प्रसिद्ध झाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. याउलट, पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. त्यानंतर 'बहिष्कृत भारत' (१९२७) व 'जनता' (१९३०) निघाली. या पत्रांनी समाजाला वाचा दिली. मात्र स्वतंत्र पत्र काढणे हा नाइलाजाचा मार्ग होता. प्रस्थापित दैनिकांच्या कचेऱ्यांची दारे त्यामुळे उघडली, असे म्हणता येत नाही.

मोजणीचे प्रयत्न

'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतील कृष्णवर्णीय प्रतिनिधी केनेथ कूपर यांनी १९९६ मध्ये दलित पत्रकाराचा शोध घेतला, तेव्हा हा विषय चर्चेत आला. बी. एन. उनियाल यांनी १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनियर'मध्ये त्यावर लेख लिहिला. केंद्र शासनाच्या यादीतील ६८६ अधिस्वीकृत पत्रकारांपैकी ४५४ जण जातिदर्शक आडनावे लावीत होते व त्यांत एकही दलित नव्हता. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांकडे त्यांनी चौकशी केली. तेथेही उत्तर तेच आले. आडनावावरून जात ओळखण्याची पद्धत अर्थात सदोष आहे. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत आढळतात.

दिल्लीतील ३१५ वरिष्ठ पत्रकारांच्या २००६ मधील पाहणीत अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती आढळली नाही. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हते.

अमेरिकेत संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्येच लोकसंख्येच्या प्रमाणात भरतीचे उद्दिष्ट ठरवून वार्षिक गणना सुरू केली. २००० सालची ती मुदत पाळता न आल्याने पुढे २०२५ पर्यंत वाढविण्यात आली.