मिनामाताचा समुद्र आणि तुटलेली गाठ



समुद्रात घाण कोण सोडतं, असं विचारलं की आपण कारखान्याकडे बोट दाखवतो. ते खरंही असतं. पण ती घाण वर्षानुवर्षं चालू कशी राहते? याचं उत्तर कधी कधी गावातही शोधावं लागतं. आज जपानमधल्या मिनामाता या किनाऱ्यावरच्या शहराचा इतिहास सांगते. मासे आपल्याही ताटात असतात, म्हणून ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

मिनामातात चिसो नावाच्या कंपनीचा मोठा रसायनांचा कारखाना होता. कारखान्यामुळे नोकऱ्या मिळाल्या, बाजार वाढला. लोक त्याला अन्नदाताच मानत. १९३२ साली तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनू लागलं. त्यासाठी पारा लागे, आणि विषारी पारा असलेलं सांडपाणी सरळ समुद्रात जाई. तो पारा शिंपल्यांत, माशांत साचत गेला. किनाऱ्यावरची कोळी कुटुंबं तर तिन्ही त्रिकाळ मासेच खात.

पहिली खूण मांजरांनी दिली. मांजरं झटके येऊन गरगर फिरायची आणि मरायची. १९५४ साली एका कोळीवस्तीतली मांजरं संपली आणि उंदरांचा सुळसुळाट झाला, अशी बातमी छापून आली. मग माणसांची पाळी आली. हातपाय थरथरायचे, बोलणं अडखळायचं, नजर आणि ऐकणं जायचं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य केंद्राला या अनोळखी आजाराची खबर दिली.

आता गाव काय म्हणालं ते ऐका. आजार साथीचा आहे, असं लोकांना वाटलं. आजाऱ्यांच्या घरांवर जंतुनाशक फवारलं. शेजारी येईनासे झाले. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे घ्यायला कचरू लागले. आपल्या घरात आजार आहे हे कळलं तर मासे कोण घेणार, पोरीला स्थळ कोण देणार, या भीतीनं कितीतरी कुटुंबांनी दुखणं लपवलं. आजार लपला, तसं त्याचं कारणही लपलं.

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात कालवून एका मांजराला दिलं. तेही तसंच आजारी पडलं. कंपनीनं ही गोष्ट दाबून टाकली. सांडपाणी बंद करा म्हणून कोळी कारखान्यात घुसले, तेव्हा नगराध्यक्ष, व्यापारी आणि कामगार संघटना राज्यपालांकडे गेले आणि म्हणाले, सांडपाणी बंद करू नका, शहराचं पोट त्यावर आहे. वर्षाअखेर कंपनीनं आजाऱ्यांना थोडे पैसे दिले आणि लिहून घेतलं की उद्या दोष आमचा ठरला तरी पुन्हा मागणी करायची नाही.

सांडपाणी पुढेही वाहतच राहिलं. आई वरून बरी दिसायची आणि बाळ मात्र जन्मतःच पांगळं असायचं. नाळेतून पोटातल्या बाळालाही विष पोचतं, हे १९६२ साली मान्य झालं. सरकारनं कारखान्याचा दोष जाहीर केला तो १९६८ साली. तोवर त्या रसायनाचं उत्पादन कंपनीनं आपणहून थांबवलेलं होतं.

१९६९ साली ११२ जणांनी कोर्टात दावा लावला. गावातले लोक त्यांना पैशांचे लोभी म्हणाले, खोटे आजारी म्हणाले. मिशिको इशिमुरे ही त्याच भागातली लेखिका त्यांची दुःखं लिहीत राहिली. १९७० साली आजाऱ्यांनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला आणि यात्रेकरूंचे पांढरे कपडे घालून ते ओसाकाच्या सभेत साहेबांसमोर उभे राहिले. २० मार्च १९७३ रोजी कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि तो जुना करार रद्द ठरवला.

मग सफाई सुरू झाली. १९७७ ते १९९० या काळात पाऱ्याचा गाळ उपसून तो एका भागात भराव घालून बंद केला. त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ साली निघाली.

गाळ यंत्रांनी निघाला, पण माणसांतला दुरावा कसा काढायचा? जपानी कोळी होड्या एकमेकींना दोरानं बांधतात, त्याला ‘मोयाई’ म्हणतात. १९९४ साली नगराध्यक्ष मासाझुमी योशिई यांनी आजाऱ्यांची जाहीर माफी मागितली आणि ही मोयाई पुन्हा बांधू या, असं आवाहन केलं. एकमेकांना टाळणारे लोक एका ठिकाणी बसू लागले.

त्याच सुमारास घराघरातलं कामही सुरू झालं. १९९३ पासून लोक कचरा सुमारे २० प्रकारांत वेगळा करू लागले. शेजारपाजारचे ठरल्या दिवशी एकत्र येऊन बाटल्या, डबे, कागद निवडतात. विक्रीचे पैसे त्या त्या वस्तीलाच मिळतात. १९९७ साली शहरातल्या महिला मंडळांनी एकत्र येऊन दुकानदारांशी बोलणी केली आणि भाजी-फळांखालचे प्लॅस्टिकचे ट्रे बंद करायला लावले. ज्या गावाला लोक विषाचं गाव म्हणत, ते कचरा निवडण्यासाठी नावाजलं गेलं.

पाऱ्याच्या वापरावर बंधनं घालणाऱ्या २०१३ सालच्या जागतिक कराराला मिनामाताचंच नाव दिलं आहे. २०१८ साली भारतही त्यात सामील झाला.

मैत्रिणींनो, मिनामातात विष कारखान्यानं सोडलं, दोष त्याचाच. पण आजाऱ्याला वाळीत टाकल्यामुळे ते विष आणखी कितीतरी वर्षं वाहत राहिलं. मासे विकणारी, मासे निवडणारी बाई बदल आधी ओळखते. कुणी म्हणालं, मासळीला वेगळाच वास येतोय, किंवा ओढ्याच्या पाण्यानं अंग खाजतंय, तर तिला गप्प बसवू नका. गटाच्या बैठकीत तिला बोलू द्या, तारीख घालून वहीत लिहा आणि अर्ज द्यायला तिच्याबरोबर चार जणी जा.