जोडीने उडणाऱ्या लहान उपग्रहांची घडण

ठरलेले अंतर राखून फिरणारे दोन लहान उपग्रह मिळून एका अवाढव्य उपकरणाचे काम करतात. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ ही अमेरिकी याने सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ आली होती. पण सुकाणू अंतराळवीराच्या हाती होते. माणसाविना हे साधायचे तर इंजिन, स्थान मोजणारी यंत्रणा, दिशा सांभाळणारी चाके आणि परस्परसंपर्काचा रेडिओ एवढे सगळे छोट्याशा पेटीत बसवावे लागते.

इंग्लंडमध्ये सरे येथे घडलेला, जून २००० मध्ये सोडलेला स्नॅप-१ जेमतेम साडेसहा किलोचा होता. ब्यूटेन वायूच्या झोतांनी त्याने कक्षा बदलून दाखवली. मात्र सोबतच्या त्सिंगहुआ-१ उपग्रहाला गाठण्याइतके इंधन त्याच्याजवळ नव्हते. जून २०१० मधील स्वीडनच्या प्रिझ्मा मोहिमेत कामाची वाटणी झाली. सुमारे १५० किलोचा मँगो सगळ्या हालचाली करी, तर इंजिन नसलेला टँगो त्याचे लक्ष्य असे.

टोरांटो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने कॅनेक्स-४ आणि कॅनेक्स-५ मात्र अगदी एकसारखे घडवले. २० सेंटिमीटर बाजूचे हे घन प्रत्येकी सुमारे सात किलोचे होते. ३० जून २०१४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२३ ने ते कक्षेत नेले. चारही झोतनळ्या एकाच बाजूला असल्याने ढकलायच्या दिशेकडे आधी अख्खा उपग्रह वळवावा लागे. झोतांसाठी वापरलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू द्रवरूपात साठत असल्याने लहान टाकीही पुरे. जीपीएसची मोजमापे रेडिओने एकमेकांना कळवून ते सापेक्ष स्थान सेंटिमीटरच्या अचूकतेने काढत. प्रक्षेपणानंतर दूर गेलेली ही जोडी आधी पुन्हा जवळ आणावी लागली. मग नोव्हेंबरपर्यंत १,००० मीटरपासून ५० मीटरपर्यंतच्या चार रचना त्यांनी मीटरहून कमी चुकीने सांभाळल्या.

डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीनेच सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-३ ला मिलिमीटरची अचूकता हवी होती. त्यातील एका उपग्रहाची १.४ मीटर व्यासाची तबकडी सूर्य झाकते आणि १५० मीटरवरचा दुसरा सूर्याचा प्रभामंडल टिपतो. कक्षेच्या उंच टोकाला जीपीएस पुरत नाही, म्हणून तेथे कॅमेरे आणि लेसर अंतर मोजतात. त्याच महिन्यात इस्रोने स्पेडेक्सचे प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह सोडले. १६ जानेवारी २०२५ रोजी ते एकमेकांना जोडले गेले आणि हे जोडणीचे तंत्र साधणारा भारत चौथा देश ठरला.