कारकुनीपासून आयेल्ट्सपर्यंत

परीक्षेसाठी इंग्रजी शब्द जमवण्याची आपली धडपड १८५९ पासूनची. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. रानडे आणि भांडारकर त्याच तुकडीतले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला होता, मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके इंग्रजी शिकले आणि जीआयपी रेल्वेत, पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले. इंग्रजी म्हणजे कचेरीतली नोकरी, हे समीकरण तेव्हाच पक्कं झालं.

नंतरच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. माझ्या आजोबांची प्रत मी जपून ठेवली आहे. आधी शब्द आणि त्यांचे अर्थ, मग त्याच शब्दांची वाक्यं, एकदा मराठीत करायची, एकदा इंग्रजीत. समासात आजोबांनी पेन्सिलीने आपली वाक्यं लिहिली आहेत, भाताच्या भावाची, होडीची, कोर्टाच्या तारखेची. पुस्तकातला शब्द त्यांनी घरच्या कामाला लावला होता.

शब्द किती हवेत आणि कोणते, याचा शास्त्रशुद्ध विचार पुढे झाला. ढाक्यात शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. २००० मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनातली ५७० शब्दकुळं निवडली. परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या आणि १९८९ पासून चालू असलेल्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि संभाषण या दोन्हींत एक चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीला असतात.

मी पनवेलमध्ये या परीक्षेचे वर्ग घेते. नर्सिंग झालेल्या मुली, इंजिनिअर मुलं येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, ‘मॅडम, किती शब्द पाठ करू?’ मी त्यांना कॉक्सहेडच्या यादीतले तीन शब्द देते: डिस्प्लेस, कॉम्पेन्सेट, इन्फ्रास्ट्रक्चर, आणि ते वापरून आपल्या गावाबद्दल लिहायला सांगते. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० मध्ये आली, गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेचे भूखंड मिळवायला घरातल्यांनी हेलपाटे घातले, उलव्याची टेकडी कापून विमानतळ झाला. हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. एका मुलीने आजीच्या भातशेतीवर अर्धं पान लिहिलं. तिन्ही शब्द जागच्या जागी बसले होते. आधीच्या आठवड्यात हेच शब्द तिला घोकूनही आठवत नव्हते.

परीक्षकाला जड शब्दांची रांग नको असते. नेमका शब्द, योग्य सोबतीच्या शब्दांसह, हवा असतो. पाठांतराला माझा विरोध नाही, आजोबांनीही पाठांतर केलंच. पण शब्द पाठ झाला की त्याच दिवशी आपल्या माणसांबद्दल, आपल्या गावाबद्दल त्याचं एक वाक्य लिहायला हवं. पनवेलच्या मुलांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. ते सांगण्यासाठी म्हणून त्यांनी शब्द शिकावेत, आयेल्ट्सचा बँड, म्हणजे गुणांची पातळी, त्यातूनच वाढेल.