गावचं घर विकून नवं बांधायचंय? भावापेक्षा सह्या आणि तारखा आधी बघा

बीड जिल्ह्यातल्या जुन्या गावांमध्ये पांढरीवर दाटीनं उभी असलेली माळवदाची घरं अजून दिसतात. दगड-मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर मातीचं छत. यातल्या अनेक घरांना आता कुलूप असतं. मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला असतात, आई-वडील नातवंडांच्या शाळेसाठी बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावात भाड्यानं राहत असतात. मग कधीतरी घरात विषय निघतो : गावचं घर विकू आणि त्या पैशातून इथं नवं बांधू.

हिशोब सोपा वाटतो. पण घराची विक्री दुय्यम निबंधक कार्यालयात एका दिवसात होते आणि नवं घर उभं राहायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कुटुंबं अडकतात ती या दोन्हीच्या मधल्या काळात. घराला भाव किती आला, यापेक्षा कोणती सही आधी झाली आणि कोणती तारीख कागदावर आली, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

घर नेमकं कोणाचं?

"घर आमच्या नावावर आहे" असं म्हणणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावात ती तयार झाली असेल तर विक्रीआधी काढून घ्या आणि त्यावर कोणाकोणाची नावं लागली आहेत ते बघा. मोजणीच्या वेळी गावात हजर असलेल्या एका भावाचंच नाव लागलं असेल, तर ते दुरुस्त करून घ्यायची वेळ हीच आहे.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळातले खरेदीचे कागद उर्दूत किंवा मोडीत असू शकतात. ट्रंकेत पडलेला असा कागद कुणाला वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. त्याचं भाषांतर करून घ्या. नव्या घरासाठी कर्ज काढणार असाल, तर बँकेचा वकील जागेचा मागचा इतिहास विचारतोच. तुमचं घर विकत घेणाराही कर्ज काढणार असेल, तर त्याच्या बँकेलाही हेच हवं असतं.

बहिणींची सही

बहुतेक व्यवहार इथंच थांबतात. वडील वारलेले असतात, भाऊ विक्रीला तयार असतात आणि बहिणींना फोन जातो तो थेट सहीसाठी.

वडिलांनी घर स्वतः कमावलेल्या पैशातून घेतलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, पत्नी आणि हयात असल्यास वडिलांची आई, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. आजी हयात असेल तर तीही वारस आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. घर वडिलोपार्जित असेल, तर मुलीही जन्मानं सहहिस्सेदार असतात. महाराष्ट्रानं हा हक्क १९९४ मध्ये दिला, पण त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं हा भेद संपवला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना मात्र हात लागत नाही. "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" हा दावाही सहज टिकत नाही, कारण अशी वाटणी सरकारी कागदपत्रांतून दिसावी लागते.

राहत्या घरापुरता आणखी एक बदल २००५ मध्ये झाला आणि त्याची चर्चा फार कमी होते. त्याआधी भाऊ स्वतः वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते कलम २३ काढून टाकलं गेलं. आज बहीण थेट वाटणीचा दावा लावू शकते.

बहिणीला हिस्सा सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शंभराच्या स्टँपवर गावात लिहून घेतलेला कागद घराच्या बाबतीत उपयोगाचा नाही. तिनं मोबदला न घेता हक्क सोडला तर तिच्यावर कर येत नाही. पैसे घेऊन सोडला तर तो तिच्या हिश्श्याचा भांडवली नफा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी नवं घर बांधायला पैसे हवेत म्हणून बहिणीचा वाटा गृहीत धरणं हा वाईट हिशोब आहे. तिला वाटा द्यायचा असेल, तर नव्या घराचं बजेट तेवढी रक्कम वजा करूनच मांडायला हवं.

एखादा भाऊ वारला असेल आणि त्याची मुलं लहान असतील, तर जास्त सावध राहा. अज्ञान मुलाला वारसानं मिळालेला स्वतंत्र हिस्सा विकायला आईलाही न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं. मुस्लिम कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत नाही. तिथं शरियतप्रमाणे हिस्से ठरतात, पण मुलगी वारस आहेच आणि तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकला जात नाही.

एक भाऊ अडून बसला तर?

कधीकधी एक भाऊ वैतागून आपला हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकतो. कायदा त्याला पूर्ण मोकळीक देत नाही. वारसांपैकी कोणी आपला हिस्सा विकणार असेल, तर तो आधी घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना असू शकतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला, तरी त्याला लगेच त्या घरात राहायला येता येत नाही. त्यानं वाटणीचा दावा केला, तर १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार घरातले लोक न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतात. असा वाद सुरू असताना त्याच घराच्या पैशावर नव्या घराचा पाया खणणं म्हणजे जुगार आहे.

राहायचं कुठं?

खरेदीखत झालं की घर दुसऱ्याचं झालं. म्हणून नवं बांधणाऱ्यानं आधी साठेखत करावं आणि त्यात इसाराची रक्कम, पुढचे हप्ते, खरेदीखताची तारीख आणि ताबा देण्याची तारीख स्पष्ट लिहावी. ताबा स्वतःकडे ठेवा. साठेखताच्या वेळीच ताबा देऊन टाकला, तर महाराष्ट्रात त्या साठेखतावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू होतं, हेही लक्षात असू द्या.

तारीख लिहिताना बांधकामाचं खरं वेळापत्रक समोर हवं. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघाल्या की गावाकडे बिगारी मिळणं अवघड होतं. मार्चनंतर माणसं परततात, तेव्हा बोअर आटलेले असतात. मग स्लॅबला मारायचं पाणीही टँकरनं आणावं लागतं. वाळू गेवराई-माजलगाव पट्ट्यातल्या गोदावरीची, पण पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि लिलाव रखडले की भाव चढतात. ठेकेदार "आठ महिन्यांत चावी देतो" म्हणत असेल, तर साठेखतात आठ महिने लिहू नका.

कारण मुदत पाळता आली नाही तर "आमचं नवं घर झालं नाही" हे कारण चालत नाही. विशिष्ट दिलासा कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, करार पाळायला तयार असलेला खरेदीदार न्यायालयाकडून खरेदीखतच करून मागू शकतो. इसार दुप्पट परत देऊन सुटता येईल, हा समज धोक्याचा आहे.

खरेदीदाराला खरेदीखताची घाई असेल, तर दुसरा मार्ग आहे. खरेदीखत करून द्यायचं आणि त्याच घरात काही महिने लिव्ह अँड लायसन्सवर राहायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. आपल्याच घरात भाडेकरू म्हणून राहणं मनाला लागतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. पण सामान दोनदा हलवण्यापेक्षा ते परवडतं.

सागवानी दाराचं काय?

माळवदाचं घर घेणारा अनेकदा जागेसाठीच घेतो आणि घर पाडतो. विकणाऱ्याला मात्र चौकट, कोरीव खांब, देवळीचं दार नव्या घरात लावायचं असतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर घराबरोबर दारं, खिडक्या, कुलपं, किल्ल्या आणि कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तूही खरेदीदाराकडे जातात. जे काढून न्यायचं आहे, ते साठेखतात एकेक करून लिहा. ताबा देण्याच्या दिवशी दारावरून होणारी भांडणं केवळ एका ओळीनं टळतात.

नव्या जागेचे कागद

जुनं घर विकायची बोलणी पक्की करण्याआधी नवा प्लॉट तपासा. मराठवाड्यात इनाम जमिनींचा प्रश्न मोठा आहे. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन खासगी प्लॉट म्हणून विकता येत नाही, तरी असे प्लॉट विकले गेल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. शेतजमिनीतून पाडलेले गुंठ्याचे प्लॉट तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात असू शकतात. अलीकडे त्या नियमांत शिथिलता आली आहे, पण ती तुमच्या गटाला लागू आहे का, हे तलाठी आणि तहसील कार्यालयातूनच कळेल. बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा नसेल तर बँक कर्ज देत नाही.

तीन वर्षांचं घड्याळ

"गावची मालमत्ता, तिच्यावर कसला कर?" असं अनेक जण समजतात. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीला ती सूट आहे, गावठाणातल्या घराला नाही.

वारसानं मिळालेल्या घरासाठी आधीच्या मालकाचा काळही धरला जातो, म्हणून नफा दीर्घकालीन ठरतो. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. समजा ती ४ लाख होती आणि घर ३० लाखांना विकलं. सरळ १२.५ टक्के दरानं २६ लाखांवर ३ लाख २५ हजार रुपये कर होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घराला जुनी २० टक्क्यांची पद्धतही लावून पाहता येते. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकानं ४ लाखांचे १५ लाख ४ हजार होतात, नफा १४ लाख ९६ हजार उरतो आणि कर २ लाख ९९ हजारांच्या आसपास येतो. म्हणजे जुनी पद्धत फायद्याची. उपकर वेगळा. हा हिशोब प्रत्येक वारसाच्या हिश्श्यापुरता स्वतंत्र होतो. इतर उत्पन्न नसलेल्या वारसाला कदाचित काहीच भरावं लागणार नाही.

तोच नफा दुसरं राहतं घर बांधण्यात घातला तर कर वाचतो. १९६१ च्या आयकर कायद्यात ही सवलत कलम ५४ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सवलत राहिली. तयार घर घ्यायचं असेल तर विक्रीआधी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षं, आणि बांधायचं असेल तर विक्रीनंतर तीन वर्षांत पूर्ण व्हायला हवं. प्लॉटची किंमतही बांधकाम खर्चात धरता येते, असं १९९३ च्या परिपत्रकात आहे.

मग बांधकाम विक्रीआधीच सुरू झालं असेल तर? कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. नवं घर १९७६ मध्ये बांधायला घेतलं, जुनं फेब्रुवारी १९७७ मध्ये विकलं आणि नवं मार्चमध्ये पूर्ण झालं. बांधकाम कधी सुरू झालं हे महत्त्वाचं नाही, विक्रीनंतर मुदतीत पूर्ण झालं हे पुरेसं आहे, असं न्यायालयानं म्हटलं. आधी पाया घालून मग घर विकणाऱ्यांना हा निकाल आधार देतो. मात्र घर पूर्ण झाल्याचा दाखला, बिलं आणि बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा.

पैशांबाबत दोन नियम कडक आहेत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रकमेचा इसार रोखीनं घेता येत नाही. घेतला तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि कागदावर किंमत कमी दाखवली, तरी रेडी रेकनरची किंमत त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकर विभाग रेडी रेकनरचीच धरतो. शिवाय रोखीत आलेला पैसा नव्या घरात घातल्याचं दाखवताही येत नाही.

विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत नफ्याची जी रक्कम बांधकामात गेली नसेल, ती भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात पडून राहिली तर सवलत जाते. हे खातं बँकांच्या ग्रामीण शाखांमध्ये उघडता येत नाही. त्यामुळे गावच्या शाखेत खातं असलेल्यांना शहरातल्या शाखेत जावं लागेल. काढलेली रक्कम ६० दिवसांत बांधकामावर खर्च करायची असते आणि उरली तर परत भरायची असते. तीन वर्षं संपल्यावर खात्यात जे शिल्लक राहील, त्यावर त्या वर्षी कर लागतो.