सायकलवरून गेलेले औषध

फराळाचे ताट समोर असताना मूत्राची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट एका माणसाच्या प्राणांची आहे.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलिसाच्या शिरेतून पेनिसिलीन देण्यास प्रारंभ झाला. त्याचे तोंड गळवांनी भरले होते, एक डोळा आधीच काढावा लागला होता. एका दिवसात त्याला उतार पडू लागला. पुढे ताप गेला, भूक लागली. परंतु साठा तो केवढा! फ्लोरी, चेन, हीटली या मंडळींनी शौचपात्रासारख्या भांड्यांतून बुरशी वाढवून तो चिमूटचिमूट जमवलेला. आणि दिलेले औषध तर अंगात ठरेना.

ते जाई कोठे? पुष्कळ औषधांचा निकाल यकृत लावते. पेनिसिलीनचा मुख्यतः मूत्रपिंडे लावतात. नुसते गाळणे असते तर एवढी घाई झाली नसती. पण तेथल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी रक्तातले पेनिसिलीन वेचून घेतात आणि मूत्रात ढकलतात. निरोगी माणसाच्या रक्तातले प्रमाण सुमारे अर्ध्या तासात निम्मे होते. हिशेब करून पाहा : तीन तासांनी उरतो जेमतेम चौसष्टावा हिस्सा! दर तीन तासांनी पुन्हा औषध द्यावे लागे, ते यासाठी.

मात्र बाहेर पडणारे पेनिसिलीन बरेचसे जसेच्या तसे असते. तेव्हा या पोलिसाचे मूत्र जपून ठेवायचे, सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायचे, त्यातून औषध काढायचे आणि पुन्हा त्याच्याच शिरेत सोडायचे, असा क्रम सुरू झाला. आपल्याकडच्या काटकसरी गृहिणीनेही हात जोडावेत! पण प्रत्येक फेरीत थोडे कमीच हाती येई. पाचव्या दिवशी साठा संपला. काही दिवस बरे गेले, मग रोग उलटला, आणि १५ मार्चला बिचारा गेला. यानंतर फ्लोरींनी बहुतेक लहान मुलेच निवडली. त्यांना औषध थोडे पुरते.

पुढे मूत्रपिंडाचा हात धरणारेही औषध निघाले, प्रोबेनेसिड. नलिकांतली पेनिसिलीनची वाट ते अडवून बसते. आज ते संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, दिले जाते. स्नायूत टोचले की सावकाश झिरपणारे पेनिसिलीनही आले. आपल्या पिंपरीच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन निघू लागले, तोवर मूत्र गाळत बसण्याची पाळी कोणावर उरली नव्हती.