झुलते मनोरे

माथ्याशी उभ्या माणसाने जोर लावला की हलणारे, आणि एक हलला की काही क्षणांत जोडीदारालाही हलवणारे मशिदीचे जोडमनोरे. सर्वांत प्रसिद्ध जोडी अहमदाबाद रेल्वे स्थानकालगतच्या सीदी बशीर मशिदीची. मनोरे तीन मजली, सुमारे 21 मी. उंच; मजल्यागणिक कोरीव सज्जा आणि पोटात चक्राकार जिना. बांधकाम 1452 चे मानतात. सीदी बशीर हा सुलतान अहमदशाहाचा गुलाम; मशीद त्याने बांधली असे सांगतात. काहीजण मात्र बांधकामाचे श्रेय महमूद बेगड्याचा सरदार मलिक सारंग याला देतात. पण बेगडा गादीवर आला 1458 मध्ये, तेव्हा हे श्रेय मानायचे तर 1452 सोडावे लागेल. मूळ मशीद आज नाही. 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले, त्या युद्धात ती उद्ध्वस्त झाली. दोन मनोरे आणि मधली कमान तेवढी उरली.

झुलण्याची किल्ली या उरलेल्या भागातच आहे. उंच, सडपातळ मनोऱ्याला डोलण्याची स्वतःची एक लय असते. वरचा माणूस सज्जाच्या कडेला धरून त्या लयीत रेटे देतो. झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यांप्रमाणे प्रत्येक रेटा आधीच्या हालचालीत भर घालतो. ही कंपने पायथ्याच्या बांधकामातून पलीकडे पोहोचतात. दुसरा मनोरा त्याच उंचीचा, त्याच घडणीचा, म्हणून त्याची लयही तीच; क्षीण कंपनेही त्याला हलवायला पुरतात. मधला भाग जाड आणि ताठ असल्याने तिथे उभ्या असलेल्याला काहीच जाणवत नाही, आणि त्यामुळेच प्रकार चमत्कारिक वाटतो. यासाठी गुप्त यंत्रणा मानण्याची गरज नाही. गोमतीपूरच्या राजबीबी मशिदीचा एक मनोरा इंग्रजांनी रहस्य शोधण्यासाठी उतरवला आणि त्यांना तो पुन्हा रचता आला नाही, अशी कथा गाइड हौसेने सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी.

डोलणारा मनोरा भूकंपात टिकतोच, असेही नाही. अहमदाबादच्या जामा मशिदीचे (1424) मनोरेही झुलते होते. 1819 च्या कच्छ भूकंपात ते कोसळले.

झुलते मनोरे इतरत्रही आहेत. इराणात इस्फहानजवळची ‘मोनार जोंबान’ ही अशाच मनोऱ्यांची वास्तू मशीद नव्हे, 14 व्या शतकातील कबरीवरची इमारत आहे. तिच्या विटांच्या मनोऱ्यांत लाकडी तुळया घातलेल्या आहेत. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील फरकांडे (ता. एरंडोल) येथेही मशिदीचे झुलते मनोरे होते. त्यांपैकी एक पडला, त्यामुळे जोडीने झुलण्याचा प्रकार तिथे आता पाहता येत नाही.

सीदी बशीरच्या मनोऱ्यांवर चढण्यास आता मनाई आहे. सज्जांचे कोरीव काम खालूनच पाहावे लागते.