आठ तासांचा श्वास

लखनऊच्या महात्मा गांधी मार्गावरचे विषविज्ञान भवन म्हणजे भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेचे घर. ४ नोव्हेंबर १९६५ रोजी औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र या नावाने तिचा आरंभ झाला आणि २०२५ मध्ये तिने साठी पूर्ण केली. या काळात संस्थेने अनेक कामे हाती घेतली. मुळाशी असलेला प्रश्न मात्र कधी बदलला नाही. पोटासाठी राबणाऱ्या माणसाच्या छातीत कामाच्या जागी काय जाते आणि त्याचे शरीर ते किती सोसते?

संस्थापक-संचालक डॉ. सिब्ते हसन झैदी हे विकृतिशास्त्राचे अभ्यासक. धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे खाणकामगारांच्या बायकांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते. झैदींनी ते प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने तपासले. प्राण्यांच्या फुप्फुसात धूळ सोडायची आणि ठरावीक दिवसांनी त्या ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, अशी ती रीत. सिलिकाचा कण गिळणारी रक्षक पेशी स्वतःच मरते, तिच्याभोवती व्रण धरतो, व्रणांच्या गाठी होतात आणि मऊ फुप्फुस दगडासारखे होत जाते. या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे संस्था प्रयोगशाळेबाहेर पडली. फिरोजाबादच्या भट्ट्यांपाशी बांगड्या घडवणाऱ्या कामगारांचा जुनाट खोकला तिने तपासला. लखनऊजवळच्या आमरायांत कीटकनाशक फवारणाऱ्यांची प्रकृती तपासली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले की माणसे सुजतात. त्या भेसळीच्या विषावर तर तिने वर्षानुवर्षे काम केले.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली. वायुग्रस्तांची छाती, डोळे, रक्त आणि मनःस्थिती तपासायला संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे गेले. त्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये छापून आले. त्याच सुमारास कायदाही बदलला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण घातले गेले. त्यातले कलम ४१-फ आणि त्याला जोडलेली दुसरी अनुसूची यांनी कारखान्याच्या हवेतल्या घातक द्रव्यांना कमाल मर्यादा घालून दिली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी १९४६ मध्येच १४८ द्रव्यांची अशी यादी केली होती. आपल्याकडे कायद्यात ती यायला भोपाळ घडावे लागले.

ही अनुसूची कोरडी दिसते, पण तिच्या प्रत्येक ओळीमागे कुणाचे तरी दुखणे आहे. भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा होती दहा लाख भागांत ०.०२, म्हणजे पाच कोटी भाग हवेत एक भाग. अमोनियासाठी आठ तासांची सरासरी दहा लाखांत २५, तर पंधरा मिनिटांपुरती ३५. तीही दिवसातून चारदाच आणि दोन वेळांमध्ये किमान एक तास सोडून. स्फटिकी सिलिकासाठी सूत्र होते: श्वासातून खोल जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ जितके टक्के, त्यात दोन मिळवायचे आणि त्या बेरजेने दहाला भागायचे. उत्तर येई घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये.

हे मोजायचे तर हवा कामगाराच्या नाकाजवळची हवी. म्हणून कॉलरला चिमुकली गाळणी लावतात आणि कमरेला पंप. पाळीभर पंप चालतो, बारीक धूळ गाळणीवर बसते. ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. सूक्ष्म तराजूवर गाळणीचे आधीचे आणि नंतरचे वजन घेतले की हिशेब कळतो.

आता लखनऊच्याच वृंदावन योजनेत चला. रायबरेली रस्त्यालगतच्या या वसाहतीत घरांची कामे चालूच असतात. जिन्याच्या पायऱ्यांसाठी ग्रॅनाइट कापले जाते. कटर सुरू झाला की पांढरा लोट उठतो आणि कापणारा तोंडावर गमछा ओढून घेतो. ज्या धुळीने घात होतो, ती गमछ्याच्या विणीतून सहज आत जाते. ग्रॅनाइटच्या धुळीत तीस टक्के क्वार्ट्झ धरले, तर सूत्राने मर्यादा येते घनमीटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम. आठ तासांत कष्टकरी माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसाची मुभा तीन मिलिग्रॅम, मिठाचे जेमतेम पन्नास दाणे. तो लोट पाहिला की हा हिशेब किती लवकर संपत असेल, ते सांगावे लागत नाही.

१९४८ चा तो कायदा २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत साधारणपणे, वीज वापरत असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांच्या जागेला कारखाना मानत आला. फिरोजाबादेत घरी बसून ज्योतीवर बांगडीची टोके जोडणारी बाई त्या व्याख्येत कधी बसलीच नाही, आणि फरशी कापणारा एकटा माणूसही नाही. मर्यादा ठरवण्याचे काम विज्ञानाने मन लावून केले आहे. ती यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम ठेकेदाराचे, निरीक्षकाचे आणि घर बांधून घेणाऱ्या आपलेही आहे. कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली, तर धूळ उडायच्या आधीच चिखल होते. त्याला लागते एक नळी आणि बादलीभर पाणी. पुढच्या वेळी पायऱ्या बसवायला सांगताना ती बादली आपणच भरून ठेवावी.